चक्कीच्या साडेसातच्या मोटरले एमपीसीबी लावला, दीड वर्षाचा हिशोब

पहिलेच सांगून देतो, मी काही इंजिनिअर-फिंजिनिअर नाही. नागपुरात हुडकेश्वर रोडकडे आमची आटाचक्की आहे, बाबांपासूनची, अन् तिची ७.५ एचपीची थ्री फेज मोटर माझ्या हातून दोनदा जळली. तिसऱ्यांदा जळू नये म्हणून एमपीसीबी लावला, म्हणजे मोटर प्रोटेक्शन सर्किट ब्रेकर. आता त्याले दीड वर्ष झालं, दुसरा उन्हाळा चालू आहे, तर म्हटलं लिहून टाकू, कारण मी घेत होतो तेव्हा मराठीत कोणी काही लिहिलेलं सापडलं नव्हतं, सगळे व्हिडिओ हिंदीत अन् त्यातही अर्धा वेळ पोट्टे चॅनल सबस्क्राईब कराच म्हणतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली लगेच कोणीतरी म्हणते, भाऊ किती पैसे भेटले. अन् खरं सांगू का, सीमेन्स घ्या, श्नायडर घ्या, एबीबी घ्या, काम करायची रीत सगळ्यांची एकच आहे. जुने लोक अजूनही दुकानात जाऊन "एलएनटीचा द्या" म्हणतात, तर त्यांच्यासाठी सांगतो, एल अँड टीनं तो स्विचगिअरचा, म्हणजे ब्रेकर-स्टार्टरचा, धंदा २०२० मध्येच श्नायडरले विकला, आता डब्यावर लॉरिट्झ नुडसेन लिहिलेलं येते, घाबरू नका, डुप्लिकेट नाही ते.

पहिली मोटर कशी जळली ते आधी ऐका, नाहीतर बाकीचं डोक्यात बसणार नाही.

पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळी सातची वेळ, चक्कीत गर्दी. डीपीवरचा एक फेज, म्हणजे तीन लाईनींतली एक, उडाला. दिवे आमचे दुसऱ्या फेजवर, ते चालूच, म्हणून कळलंच नाही. मोटर थांबली नाही, फक्त तिचा आवाज बदलला, घूं घूं असा जड, गाडी चढावर चौथ्या गियरमध्ये ओढल्यासारखा. मी समजलो पट्टा घसरून राहिला. दहा मिनिटांत वार्निश जळल्याचा तो वास आला, ज्यानं एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही, अन् मंग धूर.

बोर्डात काय होतं? किटकॅट फ्यूज, ज्यात फ्यूज वायरच्या जागी वायरमननं तांब्याचे तीन-चार पदर पिळून टाकलेले. पुढे डीओएल स्टार्टर, म्हणजे बटणानं मोटर थेट लाईनवर चालू करणारी पेटी, त्यात करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले होता, पण "सारखा उडते" म्हणून त्याचा काटा कोणीतरी पार शेवटी नेऊन ठेवलेला, १६ वर. मोटरच्या प्लेटवर लिहिलंय ११ अँपिअर.

रिवायंडिंगवाल्या काकांनी मोटर उघडली अन् मले बोलावून दाखवली. एका फेजच्या कॉईली काळ्या ठिक्कर, बाकी दोन फेजच्या जशाच्या तशा पिवळ्या. काका म्हणे, "हे पाहून घे, सिंगल फेजिंग. तुझी मोटर डेल्टात आहे म्हणून एक फेज जळला, स्टारमध्ये असती तर दोन जळले असते अन् एक वाचला असता." (डेल्टा अन् स्टार म्हणजे मोटरच्या कॉईली जोडायच्या दोन रीती.) नंतर त्यांनी तिथंच पाठकोऱ्या बिलावर हिशोब करून दाखवला. एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरींतून साधारण पावणेदोन पट करंट वाहते. माझी मोटर एरवी साडेनऊ अँपिअर घेत होती, म्हणजे झाले साडेसोळा. रिले १६ वर, त्याले वाटलं चाललंय ठीकच. पण आत त्या एका कॉईलीत करंट झाला दुप्पट, अन् गरमी करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे चौपट. बाहेरून पाहिलं तर काहीच नाही, आत भट्टी पेटलेली.

ते बिल मी अजून ठेवलं आहे. रिवायंडिंगचे साडेसहा हजार अन् चार दिवस चक्की बंद, गिऱ्हाईक शेजारच्या लेआउटमधल्या चक्कीवर गेलं त्यातलं निम्मं परत आलं.

मंग मी शहाणा झालो असं मले वाटलं. किटकॅट काढून थ्री पोल एमसीबी लावला, घरच्या बोर्डात असते तसा आपोआप पडणारा ब्रेकर. पहिले १६ चा लावला, सी कर्व्हचा, तो चालू करतानाच पडे. काहून, तर मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते, माझी म्हणजे ७०-७५ अँपिअर, अन् पहिल्या झटक्यात त्याहून जास्त, अन् सी कर्व्हचा एमसीबी पाच ते दहा पटीत केव्हाही उडू शकते. वायरमन म्हणे ३२ चा टाक, टाकला, पडणं बंद. सगळे खूष. आता विचार करा, ११ अँपिअरच्या मोटरवर ३२ चा एमसीबी. तो वायर वाचवते हो, मोटर नाही वाचवत. एमसीबी बनलाच वायरीसाठी. मोटर २० अँपिअर घेत जळून राख झाली तरी ३२ चा एमसीबी ढिम्म. अन् रिलेचा काटा? तो अजूनही १६ वरच, कारण मी त्याले हातच लावला नव्हता.

दुसऱ्या वेळी तसंच झालं. तो मे महिना, कुरड्यांचा गहू, वर्षाची ज्वारी, सगळं एकदम येते अन् दुपारी व्होल्टेज पडते. ४१५ च्या जागी ३६० दाखवत होतं. व्होल्टेज कमी झालं की मोटर काम तेवढंच करते पण करंट जास्त ओढते. त्यात नवीन टाकलेले दगड, घट्ट. महिनाभर अशी हळूहळू भाजत गेली अन् एक दिवस बसली. यावेळी काकांनी उघडली तर तिन्ही फेज सारखे काळे, भाजलेल्या वांग्यासारखे. म्हणे, "हा ओव्हरलोड. अन् एकाच जागी तांब्याचा गोळा वितळलेला दिसला असता तर शॉर्ट म्हटलं असतं." मोटर कशानं मेली हे तो माणूस कॉईलीचा रंग पाहून सांगते. त्यांनीच एमपीसीबीचं नाव सांगितलं, म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर पाय दिला, पण असे लोक असतात.

आता दुकान. इतवारीत एका गल्लीत स्विचगिअरचं जुनं दुकान आहे, नाव नाही लिहीत पण शेठची एक गोष्ट सांगावीच लागेल. मी म्हटलं साडेसात एचपीसाठी एमपीसीबी द्या. तो म्हणे, "एचपी नका सांगू भाऊ, प्लेटवरचा अँपिअर सांगा." मले माहीत नव्हता. त्यानं माल दिलाच नाही, म्हणे प्लेटचा फोटो आणा. मी चिडलो, मनपसंत शिव्या घालत घरी आलो, प्लेटवरची पिठाची पुटं खरडली, फोटो काढला, परत गेलो. ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ११ अँपिअर. त्यानं ९ ते १४ अँपिअरचा दिला. बरोबर दिला, कारण ११ मधोमध येते. दोन दुकानं सोडून दुसऱ्या एकानं मले न विचारता १३ ते १८ चा देऊ केला होता, "थोडा मोठा असलेला बरा" म्हणून. त्याची डायल खाली १३ वरच थांबते. मंग काय उपयोग? मोटरचं माप ११, कुलूप १३ पासून सुरू.

वस्तू दिसायले अगदी साधी. तळहाताएवढी, पुढे गोल दांडा, खाली स्क्रूड्रायव्हरनं फिरवायची छोटी डायल. या एका डब्यात तीन कामं होतात. आत तीन बायमेटल पट्ट्या, करंट जास्त झाला की तापून वाकतात अन् ट्रिप करतात, तो झाला ओव्हरलोड. एक मॅग्नेटिक भाग, डायल कुठंही असो तो वरच्या रेंजच्या साधारण १३ पटीवर बसवलेला असते, म्हणजे माझा १८० अँपिअरच्या आसपास, तिथं तो क्षणात तोडते, तो शॉर्ट सर्किटसाठी. मोटर सुरू होतानाच्या ७५ ले तो हलत नाही, म्हणून एमसीबीवाली कटकट संपली. अन् तिसरं, मले ज्यासाठी घ्यायचा होता ते, एक पट्टी थंड अन् दोन गरम झाल्या की आतली सरकपट्टी एरवीपेक्षा लवकर ट्रिप करते. म्हणजे फेज गेला की बंद.

फिटिंग वायरमननं केलं अर्ध्या तासात. काम झाल्यावर तो डायल १४ वर ठेवून निघाला होता. मी म्हटलं काका, ११. तो म्हणे पडेल. मी म्हटलं पडू द्या. त्याच्या टाँग टेस्टरनं, म्हणजे वायरीभोवती पकडायच्या मीटरनं, चालू चक्कीचा करंट मोजला, दळण टाकून १०.२, रिकामी ५ च्या आत. ११ वर ठेवला. तुम्हीही मोजल्याशिवाय वायरमनले जाऊ देऊ नका, त्याचा चहा होईपर्यंत होणारं काम आहे.

बरं, आता दीड वर्षात काय झालं.

सिंगल फेजिंग तीनदा झालं. तिन्ही वेळा आवाज जड झाला अन् मी स्विचकडे जाईपर्यंत खटकन् ट्रिप. एकदा तर मी चक्कीत नव्हतोच, बायको होती. तिनं फोन करून सांगितलं की दिवे आहेत पण चक्की बंद पडली, मी म्हटलं राहू दे, डीपी पाहतो. एवढ्यावर माझे पैसे वसूल झाले.

शॉर्ट एकदा. मोटरच्या टर्मिनल बॉक्सजवळ उंदरानं केबल कुरतडली होती, पिठाच्या जागी उंदीर राहणारच. सकाळी बटण दाबलं अन् टक्क, बस. ना जाळ ना वास. एमसीबी असता तरी शॉर्टमध्ये पडला असता हे मान्य, पण तांब्याचा तो पिळलेला किटकॅट असता तर केबल पार मीटरपर्यंत जळत गेली असती. इथं एक सांगतो, ट्रिप झाला की लगेच परत दांडा फिरवायचा नाही. ओव्हरलोड असेल तर पट्ट्या थंड व्हायले काही मिनिटं लागतातच, तो स्वतःच चालू होऊ देत नाही. पण शॉर्ट असेल तर तो चालू होईल, अन् परत शॉर्टवर बंद होईल, अन् प्रत्येक वेळी आतले कॉन्टॅक्ट मार खातात. वायरमनकडून मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घेतल्याशिवाय हात लावू नका.

अन् इथंच माझी पहिली तक्रार. माझ्या मॉडेलवर ओव्हरलोडनं पडला का शॉर्टनं, हे दाखवणारी काहीच खूण नाही. वेगळा जोड घेतला तर दिसते म्हणे, त्याचे वेगळे पैसे. दांडा मधे येऊन थांबते, एवढंच कळते की ट्रिप झाला, हातानं बंद नाही केला. हे आतच द्यायले पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट तक्रार नाही, माझी चूक आहे. मागच्या मे महिन्यात तो दुपारी सारखा पडायला लागला. एक, दोन, चार वेळा. लाईनीत बारा डबे, आजी लोक उन्हातून आलेले, बाहेर ४५, पत्र्याखाली आत किती असेल ते विचारूच नका. मले कोणीतरी सांगितलं की गरमीनं पडते, डायल वाढव. मी १३ केली. पडणं बंद. दोन दिवस मजेत गेले, तिसऱ्या दिवशी मोटरवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र झालं.

मंग घाबरून मी इतवारीच्या त्या शेठले फोन केला. तो म्हणे गरमीनं एमसीबी लवकर पडू शकते, त्याचं माप ३० डिग्रीवर ठरवलेलं असते, पण एमपीसीबीत गरमीची भरपाई करणारी पट्टी असते, तो उगाच नाही पडून राहिला, करंट मोजा. मोजला. १२.४. व्होल्टेज पडलेलं, पट्टा मी नुकताच जास्त कसलेला अन् एक बेअरिंग कोरडं. पट्टा सैल केला, बेअरिंग बदललं, दुपारी एक ते चार दळण घेणं बंद केलं. करंट आला १०.५ वर, डायल परत ११ वर, अन् तेव्हापासून दुपारी पडला नाही. अजून एक त्यानंच सांगितलं, मोटरची प्लेट ४० डिग्रीच्या हवेसाठी असते. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४० तर सकाळी अकरालाच होते. म्हणजे उन्हाळ्यात ११ सुद्धा पूर्ण घ्यायचे नसतात, थोडं खालीच राहायचं.

आता जे कोणी सांगत नाही ते. हा डबा फक्त करंट पाहते. मोटर खरंच किती तापली हे त्याले दिसत नाही. आमच्याकडे मोटरच्या बाहेरच्या पंखांच्या खाचांत पीठ बसते, मागच्या फॅनच्या जाळीत बसते, त्यावर दमट हवेचा थर, अशी पुरणपोळीच्या कणकेसारखी खपली होते. हवा बंद झाली की करंट साडेनऊ असतानाही मोटर आतून भाजते, अन् एमपीसीबी म्हणते सगळं ठीक. त्यासाठी वाइंडिंगमध्येच थर्मिस्टर, म्हणजे गरमी ओळखणारा छोटा सेन्सर, बसवतात, रिवाइंड करतानाच सांगावं लागते, मी दोन्ही वेळा नाही सांगितलं. आता दर रविवारी ब्रश अन् ब्लोअर घेऊन बसतो. मोटर तापली तर एमपीसीबीले शिव्या देऊ नका, आधी जाळी पहा.

फेज उलटे झाले तरी त्याले कळत नाही. लाईनमनचं काम झाल्यावर एकदा चक्की उलटी फिरली, डबा गप्प. शॉक लागण्यापासूनही तो वाचवत नाही, त्याले ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा ब्रेकर, वेगळा लागते. अन् सगळ्यात महत्त्वाचं, फक्त एमपीसीबी लावून स्टार्टर काढून टाकू नका. एका ओळखीच्यानं तसंच केलं, पैसे वाचवायले. लाईट गेली, तो पट्ट्यात अडकलेलं पोतं काढायले वाकला, अन् लाईट आली. एमपीसीबी चालूच होता ना, मोटर आपोआप सुरू. नशीब, पोतंच गेलं. स्टार्टरमध्ये नो व्होल्ट कॉईल असते म्हणून लाईट आल्यावर बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. माझ्याकडे पहिले एमपीसीबी अन् त्याच्यानंतर कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला तो कॉईलीवर चालणारा स्विच) बटणासकट, जुना रिले काढून टाकला कारण ते काम आता एमपीसीबी करते.

सिंगल फेज मोटरवाल्यांसाठी एक. आमच्या समोर रसवंती आहे, त्याची मोटर सिंगल फेज. माझं पाहून त्यानंही छोटा एमपीसीबी आणला अन् वायरमननं फेज अन् न्यूट्रल दोन पोलमधून नेले, तिसरा रिकामा. अर्धा ग्लास रस निघाला की ट्रिप. दिवसभर तो मले अन् डब्याले शिव्या देत होता. कारण तेच, तिसरी पट्टी थंड, त्याले वाटते फेज गेला. एक वायर एका पोलमधून नेऊन परत फिरवून तिसऱ्यातून काढायची, म्हणजे तिन्ही पट्ट्यांतून करंट जाते. तेवढं केलं अन् रस सुरू. मले दोन ग्लास फुकट, आलं-लिंबू घालून.

चक्की सुरू करण्याची सवयही बदलावी लागली. आधी दगडात दाणे असतानाच बटण दाबत होतो. आता रिकामी सुरू करतो, वेग धरला की दाणे सोडतो. हा एमपीसीबी क्लास १० चा आहे, म्हणजे सात पट करंट दहा सेकंदांच्या वर सहन करत नाही, अन् भरलेल्या दगडासकट मोटरले उठायले तेवढा वेळ लागू शकते. वर्षानुवर्षे भरलेली सुरू करून मोटरचे काय हाल केले असतील देव जाणे.

खर्च सांगतो, माझ्या बिलाप्रमाणे एमपीसीबी २,९००, कॉन्टॅक्टर बटण अन् पेटी मिळून २,१००, वायरमनचे ५००. एका रिवायंडिंगपेक्षा कमी. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो शॉर्ट-ओव्हरलोडची खूण नाही म्हणून, अन् सोबतचं माहितीपत्रक एवढ्या बारीक अक्षरात की बाबांचा चष्मा लावूनही वाचता आलं नाही.

डायलीवर आता मी पारदर्शक टेप मारली अन् बाजूले मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, "११ च्या वर नाही". वायरमनसाठी लिहिलं होतं. आतापर्यंत दोन ताई अन् एक आजी विचारून गेल्या, काहून रे बाबू, अकराच्या नंतर दळण घेणं बंद केलं का?